पालथी वाटी

रविवारची सकाळ म्हणजे वहिनींच्या घरात कोंबडीची सकाळ. स्वतःसाठी नव्हे. नवराबायकोंनी स्वतःच्या पोटासाठी इतक्या निगुतीनं कधी काही आणलं नव्हतं. ही सरबराई ऑडिटरसाठी असे.

ऑडिटर म्हणजे मांजराचं पिल्लू, राखी रंगाचं, पंजे तेवढे पांढरे. नाव नवऱ्यानं ठेवलेलं. पुढ्यात काहीही ठेवा, आधी लांबून वास घ्यायचा, मग सगळ्या बाजूंनी फिरून बघायचं, मग मोठी हरकत असल्यासारखं तोंड करून वर पाहायचं, आणि शेवटी सगळं फस्त करायचं, ही कार्यपद्धती त्यांनी नोकरीत जवळून पाहिलेली होती.

"मांडीचं द्या, हाड काढून. हृदयं वेगळी बांधा. काळीज थोडंसंच," वहिनी दुकानात सांगायच्या.

"पाहुणे अजून मुक्कामाला आहेत म्हणायचे," मटणवाला सुरी फिरवत म्हणायचा. "वहिनी, मी जावयाला इतकं निवडून देत नाही."

"जावई नखं मारत नाही हो."

"आमचा जावई तुम्ही पाहिला नाही."

घरी येऊन वहिनी पाटावर मांस चिरायला बसत. करंगळीच्या नखाएवढे तुकडे. त्यात अंड्याच्या टरफलाची बारीक पूड चिमूटभर, औषधाचे दोन थेंब, आणि मग लहान लहान डबे भरून बर्फाच्या कप्प्यात. रोज रात्री दुसऱ्या दिवसाचे डबे खालच्या कप्प्यात उतरवायचे आणि देण्याआधी डबा कोमट पाण्यात धरायचा. "नुकत्या मारलेल्या उंदराइतकं कोमट," प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, आणि वहिनींना त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं.

दूध पिल्लाला पचत नव्हतं आणि बाजारातलं कोरडं खाणं टिकत नव्हतं. म्हणून हा कच्च्या मांसाचा घाट. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या. "द्यायचं तर नीट द्या, नाहीतर देऊ नका. दिवसातून चार वेळा. कच्चं मांस वाटीत ठेवून कामावर निघून जायचं नाही. अर्ध्या तासात संपलं नाही तर उचलून टाकायचं. वाटी दर वेळी गरम पाण्यानं धुवायची. तुम्हां दोघांना नोकऱ्या आहेत. जमणार आहे का?"

"जमवू की," यजमान म्हणाले. 'जमवू' असं नवरा म्हणाला की कोणी जमवायचं, हे वहिनींना लग्नापासून माहीत होतं.

त्यांना गल्लीत आणि कामावर सगळेच वहिनी म्हणत. त्या इस्पितळाच्या कपडा-खोलीत होत्या. वॉर्डांतून आलेल्या चादरी मोजायच्या, फाटक्या बाजूला काढायच्या, धुतलेल्या परत पाठवायच्या. नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपघरात, म्हणून पंपवाले. मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल बोलणंही आता थांबलेलं होतं. आणि मग एक दिवस पंपवाले जेवणाच्या डब्यात हे पिल्लू घालून घेऊन आले.

पंपघराच्या मागे एक जुनी खोली होती. तिच्यात पाणी गाळण्याचा खोल हौद, कित्येक वर्षं बंद. तिच्या दाराशी पिल्लू ओरडत होतं. आई असेल जवळपास, म्हणून पंपवाल्यांनी आणि कामावरच्या त्यांच्या जोडीदारानं एकदोन दिवस वाट पाहिली. आई आली नाही. पण गंमत अशी, की पिल्लाचं पोट टम्म होतं. जेमतेम महिनाभराचं, चालताना पाय फाकणारं, आणि पोट नगाऱ्यासारखं. पुढ्यात एक पत्र्याचं झाकण पालथं पडलेलं होतं, ओलं.

"कोणीतरी घालतंय त्याला," जोडीदार म्हणाला होता. हा जोडीदार काठी टेकत चालायचा. त्याची एक पोटरी गेल्या काही आठवड्यांत वाळत चालली होती. दुखत नव्हती, जखम नव्हती, नुसती आत गेली होती. डॉक्टरांनी शिरेवर ढकललं, त्यानं स्वतः सिमेंटवर उभं राहण्यावर ढकललं. शिडीवर चढणं त्याला जमेना म्हणून त्याला सकाळचं बसून करायचं काम मिळालं, आणि दुपारची पाळी पंपवाल्यांच्या गळ्यात कायमची पडली.

म्हणजे पंपवाले बारा वाजायच्या आत घराबाहेर पडणार ते रात्री उगवणार. वहिनी सकाळी जाणार, संध्याकाळी येणार. सकाळचं खाणं वहिनींकडे, निघण्याआधीचं पंपवाल्यांकडे, संध्याकाळचं पुन्हा वहिनींकडे. राहिलं दुपारचं. इस्पितळ चालत जाण्याच्या अंतरावर, म्हणून जेवणाच्या सुट्टीत वहिनींनी घरी येऊन दुपारचं घालून जायचं ठरलं.

कोणी घातलं, कोणी नाही, हा घोळ होऊ नये म्हणून पंपवाल्यांनी पंपघरातली पद्धत घरात आणली. पंपघरात प्रत्येक झडपेशेजारी खुंटीला पत्र्याची पाटी टांगलेली असे. पाटीवर एकच शब्द, 'बाकी'. काम झालं की पाटी उलटी करायची. नंतरच्या पाळीचा माणूस येतो, पाटीकडे बघतो आणि त्याप्रमाणे वागतो. विचारायचं नाही, पुन्हा तपासायचं नाही, झडपेला हात लावायचा नाही. उलटलेली पाटी म्हणजे शब्द दिलेला.

"इथे वाटी," पंपवाले म्हणाले. "उताणी असली की जेवण बाकी. धुऊन पालथी घातली की झालं. घराबाहेर पडताना पुढच्या जेवणासाठी पुन्हा उताणी करून जायची. उगाच 'घातलं का, घातलं का' असे फोन नकोत."

"आणि पाटीवर कोणी खोटं बोललं तर?"

पंपवाल्यांचा चेहरा बदलला. "आमच्याकडे बोलत नाहीत," ते म्हणाले. "एकदाच बोललं होतं कोणीतरी. मी लागायच्या आधी. हौद साफ करायला माणूस खाली उतरला, वरच्या झडपेची पाटी उलटलेली बघून. झडप उघडीच होती. पाणी सुटलं, तो वर आलाच नाही. कामाचा फार पक्का माणूस होता म्हणे. 'बाकी' दिसलं की कोणाचं काम आहे ते बघायचा नाही, करून टाकायचा." थोडं थांबून ते म्हणाले, "तीच ती मागची खोली."

काही दिवस सगळं सुरळीत चाललं. मग इस्पितळात नव्या मेट्रनबाई आल्या. जुन्या व्यवस्थेत काही ना काही बदलल्याशिवाय नव्या माणसाला खुर्ची ऊब देत नाही. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत आवाराबाहेर जाणं बंद केलं. सगळ्यांनी एकत्र बसून जेवायचं, म्हणजे म्हणे आपलेपणा वाढतो. पहिल्या दिवशी वहिनी त्या आपलेपणात घास चिवडत बसल्या आणि संध्याकाळी जवळजवळ धावत घरी आल्या.

वाटी पालथी होती. धुतलेली, अजून ओलसर. ऑडिटर खिडकीत पसरला होता आणि पंजा चाटत होता.

वहिनींचा जीव भांड्यात पडला. म्हणजे कळलं ह्यांना, आले मधल्या वेळात सायकल मारत. वहिनींना नवऱ्याचं इतकं कौतुक बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं. रात्री ते आले तेव्हा त्या अर्धवट झोपेत म्हणाल्या, "बरं झालं हं." ते म्हणाले, "हो ना." कशाबद्दल, ते दोघांनीही विचारलं नाही. संसार जुना झाला की अशी बरीच बोलणी विषयावाचून पार पडतात.

मेट्रनबाईंचं सांगायचं राहूनच गेलं. मग सांगण्यासारखं काही उरलंही नाही, कारण रोज वाटी पालथी मिळायची. नियम नियम होता, विचारायचं नाही. शनिवारी बर्फाच्या कप्प्यात डबे शिल्लक दिसायला लागले, तेव्हा वहिनींनी समजूत करून घेतली की हे येताना ताजं आणत असणार. पुढच्या रविवारी त्यांनी डबे कमी भरले.

ऑडिटर बाळसं धरत होता. फक्त संध्याकाळी वहिनींनी दिलेल्या मांसाला तोंड लावीनासा झाला. वास घ्यायचा, फिरून यायचा आणि वर बघायचा. आता त्या बघण्यात हरकत नव्हती, कीव होती.

"शेफारलाय," वहिनी स्वतःशी म्हणायच्या. वाटीला अलीकडे एक वास यायचा. मांसाचा नव्हे. ओल्या लोखंडाचा. फार दिवस बंद राहिलेल्या पाण्याचा.

एका सुट्टीच्या दिवशी पंपवाले पलंगावर पालथे पडले होते आणि वहिनी त्यांच्या पायांना तेल चोळत होत्या. उजव्या पोटरीवरून हात खाली येता येता मध्येच आत गेला.

त्यांनी पुन्हा हात फिरवला. पोटरीच्या मधोमध खळगा होता. अंगठा आडवा मावेल एवढा. कातडी सबंध, गुळगुळीत. वण नाही, लाली नाही. जणू तिथे कधी काही नव्हतंच.

"हे काय लागलं तुम्हांला?"

"कुठे काय?"

"इथे. खड्डा आहे इथे."

पंपवाल्यांनी मान वळवून, हात मागे नेऊन चाचपलं. "असेल पहिल्यापासूनच."

"वीस वर्षं मी हे पाय चोळतेय," वहिनी म्हणाल्या. "पहिल्यापासून काय आहे आणि काय नाही, ते मला सांगू नका."

"अगं, उभं राहून होतं. जोडीदाराचंही असंच सुरू झालं होतं. त्याचं आता थांबलंय." ते हसले. "त्याची पाळी गेली, माझी आली."

वहिनी हसल्या नाहीत. पंपघरात काम म्हणजे लोखंडी शिडी. शिडी गेली की नोकरी गेली. आणि नुसत्या नोकरीचीच गोष्ट नव्हती. तेल पुसताना त्यांना डाव्या पोटरीवरही बोट किंचित आत गेल्यासारखं वाटलं.

त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरचे मास्तर जिन्यात भेटले. शाळा सुटून त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण शिकवायचा आवाज सुटला नव्हता.

"वहिनी, रागावू नका. एक विनंती होती."

"बोला ना मास्तर."

"दुपारचं ते चिरणं जरा हळू होईल का? अगदी डोळा लागतो आणि वर तुमच्याकडे ठक, ठक, ठक. पाटाखाली एखादं फडकं घाला. वेग मात्र मानला पाहिजे हं. हात बसलाय अगदी."

"सांगते ह्यांना," वहिनी म्हणाल्या. वर येऊन त्यांनी पाटाला हात लावला. पाट ओला होता. त्या सकाळपासून बाहेर होत्या.

रात्री पंपवाले आले तेव्हा वहिनी जाग्या होत्या.

"मास्तर तक्रार करत होते. दुपारी जरा हळू चिरत जा."

पंपवाले बूट काढत होते. "कोण?"

"तुम्ही. घरी येता तेव्हा."

"मी कशाला येतोय घरी? पंप काय मास्तरांच्या भरवशावर सोडून येऊ?" मग त्यांनी वर पाहिलं. "तू येतेस ना... जेवणाच्या सुट्टीत?"

वहिनी अंथरुणावर उठून बसल्या.

"येतेस ना?"

"नव्या मेट्रनबाई आल्यापासून नाही."

"त्या आल्या कधी?"

वहिनींनी सांगितलं. पंपवाल्यांच्या हातातला बूट हातातच राहिला. ऑडिटर मध्ये येऊन बसला आणि आळीपाळीनं दोघांकडे पाहू लागला.

"मग घालतंय कोण..." पंपवाले अगदी हळू म्हणाले. "आणि काय घालतंय?"

दुसऱ्या दिवशी कुलूप बदललं. पंपवाल्यांनी स्वतः बदललं, दोनच किल्ल्या, एकेकाच्या खिशात. खिडक्यांना आतून कड्या. संध्याकाळी वहिनींनी नवं कुलूप उघडलं. वाटी पालथी होती, धुतलेली. ओटा पुसलेला. ऑडिटरला ढेकर देता आली असती तर त्यानं ती दिली असती.

मग वहिनींनी रजा टाकली. कारण विचारलं तेव्हा मेट्रनबाईंना त्यांनी "घरचं माणूस आजारी" सांगितलं, आणि ते सांगताना आपण खोटं बोलत नाही आहोत हे त्यांच्या लक्षात आलं. पंपवाल्यांना त्यांनी कामावर पाठवलं. दोघेही घरी राहिले तर कदाचित काहीच दिसणार नाही, आणि काहीच न दिसणं आता दोघांनाही परवडणारं नव्हतं.

भर दुपार होती. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसल्या. ओट्याखाली, रोजच्या जागी, रिकामी वाटी उताणी. सुरी तिच्या खिळ्याला. पाट भिंतीला टेकवलेला. खाली मास्तरांचा रेडिओ चालू होता. मग तो बंद झाला. कोणाचा तरी प्रेशर कुकर लांब कुठेतरी शिट्टी देऊन गप्प झाला. गल्लीतली दुपार असते तशीच दुपार. उन्हाचा एक चौकोन फरशीवर पडला होता आणि त्यात ऑडिटर झोपला होता. त्या चौकोनाकडे बघता बघता वहिनींना आपण रजा वाया घालवली असं वाटायला लागलं.

ऑडिटर उठला.

त्यानं अंग ताणलं, शेपटी सरळ वर केली आणि ओट्याकडे गेला. ओट्यासमोरच्या मोकळ्या जागेत तो थांबला. मग त्यानं अंग घासलं. एकदा या बाजूनं, वळून त्या बाजूनं, मधून, पुन्हा बाहेरून. मांजर माणसाच्या दोन पायांभोवती घासतं, तसं. दोन पायांमध्ये असावं तेवढं अंतर तो बरोबर सोडत होता. मग बसला आणि त्यानं मान वर केली. वहिनींच्या चेहऱ्याइतकी नव्हे, त्याहून उंच. पंपवाल्यांपेक्षाही उंच. त्या उंचीवर काही नव्हतं, मागची फडताळाची कडी तेवढी दिसत होती. ऑडिटर तिथे बघून ओरडला, लाडात.

ओल्या लोखंडाचा वास आला. आधी पुसट, मग इतका दाट की वहिनींच्या जिभेवर त्याची चव उतरली.

ठक. ठक. ठक.

सुरी खिळ्यावर होती, हलत नव्हती. पाट भिंतीला टेकलेला होता. आणि आवाज त्याच दोघांमधून येत होता. झपाझप, एका वेगानं. मास्तर म्हणाले होते ते खरं होतं, हात बसलेला होता. वहिनींनी स्टूल घट्ट धरलं. त्यांना वाटलं, आपण हाक मारावी, मास्तरांना, कोणालाही. तोंड उघडलं आणि त्यातून श्वासच तेवढा बाहेर पडला...

आवाज थांबला. त्यांनी डोळे मिटले असतील, एक क्षणभर. नंतर त्या नवऱ्याला शपथेवर सांगत होत्या की मिटले नव्हते. वाटीत मांस होतं. काळसर लाल, करंगळीच्या नखाएवढे तुकडे, एकसारखे. डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते तेवढेच. आणि त्यातून वाफ निघत होती. कोमट पाण्यात धरायची ह्या मांसाला गरज नव्हती.

ऑडिटर खाली वाकला. मान तिरकी करून, दाढेनं तोडत, गुरगुरत त्यानं खाल्लं. वहिनी बघत राहिल्या. त्यानं शेवटचा तुकडा गिळला, बाजूला सरला आणि पंजा चाटू लागला. नळ सुटल्याचा आवाज झाला, नळ कोरडा होता. मग वाटी पालथी झाली. फेकल्यासारखी नाही. सावकाश, आवाज न करता. काम संपवून घरी जायच्या माणसानं घालावी तशी.

वास गेला. खाली मास्तरांनी रेडिओ लावला.

पंपवाल्यांना त्या दिवशी दोन माणसांनी धरून घरी आणलं. दुपारी शिडी चढताना उजवा पाय एकाएकी लुळा पडला आणि ते खालच्या पायऱ्यांवरून घसरले. मोडलं काही नव्हतं. वहिनींनी विजार वर सारली. खळग्यात आता अख्खी मूठ बसली असती. कातडी तशीच, गुळगुळीत.

त्यांनी दुपारी पाहिलेलं सगळं सांगितलं. पंपवाले भिंतीकडे बघत ऐकत होते.

"पिल्लू सोडून येऊ या परत," ते म्हणाले.

"सोडून आलात तर तुमच्या जागी जो पंपघरात असेल त्याचा पाय जाईल. जोडीदाराचा गेला तसा." वहिनींनी ऑडिटरला उचलून मांडीवर घेतलं. "आणि ह्याचा काय दोष? ह्याला भूक लागते एवढंच."

"मग काय करायचं म्हणतेस?"

"वाटी उताणी दिसते म्हणून तो येतो. बाकी आहे, म्हणून. आपण निघायच्या आधीच पालथी घालून ठेवायची."

पंपवाले एकदम उठून बसले. "दुपारचं न घालता?"

"डॉक्टरीणबाईंना विचारते. आता मोठा झालाय, तीन वेळा चालेल."

"तसं नव्हे गं. खोटी पाटी? त्याला?" त्यांचा आवाज खाली गेला. "एकदा खोट्या पाटीवर विश्वास ठेवून तो..."

"तो कोण, ते मला माहीत नाही आणि तुम्हांलाही माहीत नाही," वहिनी म्हणाल्या. "मला तुमचे पाय माहीत आहेत."

त्या रात्री पंपवाले झोपले नाहीत. दुसऱ्या दिवशी वहिनींनी अर्धी रजा घेतली आणि लंगडणाऱ्या पंपवाल्यांबरोबरच कामावर निघताना कोरडी वाटी उचलून पालथी घातली. मग मागे न बघता कुलूप लावलं.

संध्याकाळी वाटी होती तशीच होती. कोरडी. पाट कोरडा. ऑडिटर भुकेनं घर डोक्यावर घेऊन बसला होता आणि वहिनींनी दिलेलं मांस त्यानं वास न घेताच संपवलं. मास्तर जिन्यात म्हणाले, "फडकं घातलंत वाटतं. आभारी आहे." वहिनी नुसत्या हसल्या.

दिवस गेले. डॉक्टरीणबाईंनी तीन वेळा चालेल म्हणून सांगितलं. रविवारी डबे मोजून भरले की शनिवारी बरोबर संपत. पंपवाल्यांचा खळगा भरून आला नाही, पण वाढलाही नाही. साहेबांनी त्यांना शिडीवरून उतरवून मीटर-खोलीत बसवलं, पगार तोच. ते काठी घेऊन चालत, पण चालत. आठवड्याच्या सुट्टीला नवराबायको पुन्हा बोलायला लागले, मेट्रनबाईंना नावं ठेवायला लागले, म्हणजे घर ताळ्यावर आलं.

एक बारीकशी गोष्ट होती. रात्रीचं जेवण जात नव्हतं. पंपवाले पानावर बसत, चार घास खात आणि उठत. वहिनींचंही तेच. जागरणं झाली, धास्ती झाली, आता अंगावर निघतंय, असं वहिनी म्हणत. वय झालं, असं पंपवाले म्हणत. सकाळी उठल्यावर तोंडाला लोखंडासारखी चव असायची. दात दाखवून घ्यायला हवेत, असंही एकदा बोलणं झालं.

आणि मग ती सुट्टीची संध्याकाळ आली. दुपारी दोघं मिळून डॉक्टरीणबाईंकडे औषध आणायला गेले होते. येऊन पंपवाले टेबलाशी बसले. त्या टेबलावर रोज सकाळी निघताना वहिनी दोन ताटं मांडून ठेवत, रात्री उशिरा खडखडाट नको म्हणून. ती सवय फार जुनी होती, ऑडिटर यायच्या कितीतरी आधीची. आजही औषधाला निघताना त्यांनी ताटं मांडली होती.

"एक बरं केलंस तू," पंपवाले म्हणाले. "ताटं पालथी घालतेस हल्ली. धूळ बसत नाही."

वहिनी ओट्यापाशी पाठमोऱ्या होत्या. त्या वळल्या नाहीत.

"मला वाटलं, तुम्ही घालता."

"मी रात्री येतो तेव्हा तर पालथीच असतात."

"मी संध्याकाळी येते तेव्हाही."

दोघांनी टेबलाकडे पाहिलं. ताटं शेजारी शेजारी पालथी होती. वहिनी जवळ आल्या आणि त्यांनी एकाच्या पाठीवर बोट ठेवलं. ताट ओलं होतं. बोटाला वास आला.

"सकाळी मांडताना..." पंपवाल्यांनी विचारलं, "उताणी मांडतेस?"

"ताटं उताणीच मांडतात हो..."

बऱ्याच वेळानं पंपवाले म्हणाले, "भूक आहे तुला?"

वहिनींनी मान हलवली. नव्हती. कितीतरी दिवस नव्हती.

खिडकीतून ऑडिटरनं खाली उडी मारली. नेहमीची, बेताची उडी. पण मागचा एक पाय टेकला नाही, तो कुशीवर पडला, उठला आणि काहीच न झाल्यासारखा वहिनींकडे चालत आला. वहिनी फरशीवर बसल्या. त्यांनी त्याला मांडीवर घेतलं. तो घुरघुरत होता. मानेवरून, पाठीवरून त्यांनी हात फिरवला आणि मागच्या मांडीशी आल्यावर हात मध्येच आत गेला.

जखम नव्हती. त्या खळग्यावरचे राखी केस जागच्या जागी होते, किंचित ओलसर, एका दिशेनं नीट बसवलेले.